ब्रँड-न्यूमधला ब्रँड कुठल्या कंपनीचा?

इंग्रजीतलं जोडविशेषण अडलं की बहुतेक जण एक तर त्याचे दोन्ही तुकडे वेगवेगळे मराठीत आणून ठेवतात, नाहीतर मोबाइलला विचारून मोकळे होतात. दोन्हीकडून निकाल सारखाच लागतो. एका वायनरीच्या माहितीपत्रकाच्या कच्च्या खर्ड्यात मी 'पूर्ण शरीराची लाल वाइन' असं वाचलेलं आहे. हे 'फुल-बॉडीड'चं मराठी. ती वाइन प्यायची की तिला बसायला खुर्ची द्यायची, असा प्रश्न पडावा.

मी नाशकात भाषांतराची आणि मुद्रितं तपासायची कामं करते. द्राक्ष निर्यातदारांची पत्रकं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या पुस्तिका, बाटल्यांवरची लेबलं, अधूनमधून एखादी लग्नपत्रिकाही. रविवारी स्पर्धा परीक्षेची मुलं इंग्रजी घेऊन येतात आणि त्यांचा सगळ्यात मोठा वैताग हाच: 'मॅडम, दोन्ही शब्द येतात, पण जोडून आले की कळत नाहीत.' कळतात. फक्त कुठून हात घालायचा ते ठाऊक हवं. मी कसा घालते ते सांगते.

आधी विग्रह करा

समासाचा विग्रह आपल्याला शाळेत शिकवलेला असतो आणि दहावीनंतर आपण तो व्याकरणाच्या पुस्तकासकट रद्दीत घालतो. तो परत बाहेर काढा. नाशिककरांना उदाहरणांसाठी लांब जायलाही नको. पंचवटी म्हणजे पाच वडांचा समूह, द्विगू. त्र्यंबक म्हणजे तीन अंबक, म्हणजे डोळे, आहेत ज्याला तो, बहुव्रीही. आणि जिच्या कापलेल्या नाकावरून गावाला नाव पडलं असं आपण पाहुण्यांना सांगतो ती शूर्पणखा, म्हणजे सुपासारखी नखं आहेत जिची ती, पुन्हा बहुव्रीही. गंमत अशी की पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी 'बहुव्रीही' ही संज्ञा संस्कृत व्याकरणातून जशीच्या तशी उचलली. इंग्रजी समासांवरच्या ग्रंथांत ती आजही याच नावाने येते. तो शब्द स्वतःही बहुव्रीहीच आहे. व्रीही म्हणजे भात. पुष्कळ भात आहे ज्याच्याकडे तो बहुव्रीही. इगतपुरीकडचा एखादा बडा शेतकरी डोळ्यापुढे आणा, विसरणार नाही.

तेव्हा इंग्रजी जोडविशेषण समोर आलं की पहिला प्रश्न: या दोन तुकड्यांचं एकमेकांशी नातं काय? 'सन-ड्राइड' म्हणजे उन्हाने वाळवलेलं; इथे तृतीया दडलेली आहे. 'मॅन-ईटिंग' म्हणजे माणसाला खाणारा, द्वितीया. 'ड्यूटी-फ्री' म्हणजे करापासून मुक्त, पंचमी. विभक्तीचे प्रत्यय आपल्याला जीभ न अडखळता येतात, इंग्रजीने ते गिळून टाकलेले असतात एवढंच. ते परत लावून बघायचे.

यात एक जागा फसवी आहे. शेवटी 'एड' दिसलं की मुलं त्याला क्रियापदाचं रूप समजतात. 'हँड-पिक्ड'मध्ये ते बरोबर आहे: पिक म्हणजे खुडणं, हाताने खुडलेली द्राक्षं. पण 'ब्लू-आइड', 'लाँग-लेग्ड', 'ब्लू-ब्लडेड'मधलं 'एड' क्रियापदाचं नाही. ते 'असलेला' या अर्थाचं, नामाला लागणारं शेपूट आहे. निळे डोळे असलेला, लांब पाय असलेला. ओळखायची खूण सोपी. शेपूट काढा आणि उरलेल्या शब्दाचं नेहमीच्या वापरात क्रियापद होतं का पाहा. पिक होतं. लेग होत नाही. होत नसेल तर तो बहुव्रीही, आणि विग्रह 'आहे ज्याला तो' असाच करायचा. एवढी एक खूण पाठ केली तरी निम्मी जोडविशेषणं हातात येतात.

तिसरा प्रकार नाम आणि विशेषण यांच्या जोडीचा: 'आइस-कोल्ड', 'स्काय-ब्लू', 'पिच-डार्क', 'डर्ट-चीप'. इथे पहिला तुकडा उपमा असतो. बर्फासारखा थंड, आभाळासारखा निळा, डांबरासारखा काळोख. 'डर्ट-चीप'साठी तर लासलगावच्या बाजार समितीत उभं राहिलं तरी पुरे. भाव कोसळले की 'कांदा मातीमोल गेला' म्हणतात, तीच माती इंग्रजीतही आहे. अशी जोडी सापडली की फार बरं वाटतं, पण त्या आनंदात पुढचं शोधायचं सोडू नका. कारण याच प्रकारातला एक शब्द सगळ्यांना चकवतो.

ब्रँड-न्यूची तारीख

नाशिकरोडच्या बाजूला जाताना मी एक पाटी पाहिली होती: 'ब्रँड न्यू कंडिशन सेकंड हँड कार्स'. मालकाच्या मनात काय होतं ते उघड आहे. ब्रँड म्हणजे चांगली कंपनी, म्हणून ब्रँड-न्यू म्हणजे कंपनीतून आल्यासारखी नवी. ही समजूत एकट्या त्याची नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाने हाच विग्रह केलेला आहे.

तो खोटा आहे हे कळण्यासाठी व्युत्पत्तीची पदवी लागत नाही, तारखा लागतात. 'ब्रँड-न्यू' इंग्रजीत 16 व्या शतकापासून आहे. कंपनीच्या मालाची खूण, व्यापारी नाव, या अर्थाने 'ब्रँड' रुळला तो 19 व्या शतकात. नातू आजोबांच्या आधी जन्माला येत नाही. शब्दाचा एक तुकडा त्या अर्थाने पुढे दोन-अडीचशे वर्षांनी आला असेल तर ती गोष्ट तिथेच फेकून द्यायची.

मग हा ब्रँड कुठला? जुन्या इंग्रजीत ब्रँड म्हणजे आग, जळतं लाकूड, कोलीत. 'ब्रँड-न्यू' म्हणजे भट्टीतून आत्ता बाहेर काढलेलं, अजून धग न गेलेलं. लोहाराकडचा, तांबटाकडचा शब्द. जुन्या भांडीबाजारात ज्यांचं बालपण गेलं त्यांना आणखी समजावून सांगायला नको. याला पुरावाही बळकट आहे. याच अर्थाचा 'फायर-न्यू' असा जुळा शब्द शेक्सपियरच्या नाटकांत येतो, आणि त्यातल्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये तर 'टाकसाळीतून निघालेलं फायर-न्यू' असाच प्रयोग आहे. टाकसाळीत धातू तापवून, ठोकून नाणं पाडत. ते हातात घेतलं तर गरम लागणार.

आता कंपनीचा ब्रँड कुठून आला ते पाहा, म्हणजे मन शांत होईल. त्याच जळत्या लाकडावरून तापल्या लोखंडाने दिलेला डाग, मग तो डाग म्हणजे मालकीची खूण, गुरांवर, दारूच्या लाकडी पिंपांवर, आणि शेवटी त्या खुणेचा माल. म्हणजे दोन्ही ब्रँड एकाच आगीतून निघाले, पण वाटा वेगळ्या. पाटीवाल्या मालकाचा सगळाच नेम चुकला असं म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट कानावर येते. जुन्या काळी नाजूक माल कोंड्यात भरून पाठवत, कोंडा म्हणजे 'ब्रॅन', म्हणून 'ब्रॅन-न्यू', आणि त्याचं पुढे ब्रँड-न्यू झालं. ऐकायला इतकी झकास की खरी असावीशी वाटते. 'ब्रॅन-न्यू' असं लिहिलेलं जुन्या पुस्तकांत खरोखर सापडतं, डिकन्सने लिहिलेलं आहे. पण ते फक्त बोलताना 'ड' गळाल्यामुळे. तीन व्यंजनं एकापुढे एक आली की मधलं गळतं, आपल्याही बोलण्यात गळतं. कोंडा तिथे लोकांनी नंतर आणून ओतला. माझा तर नियमच आहे: व्युत्पत्ती फार रंगतदार असली, तिच्यात जहाज, राजा किंवा पेटी असली, की आधी संशय घ्यायचा.

तारखा पाहायच्या कुठे? सगळ्यात भरवशाची ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि शेवटचा 1928 मध्ये. (आपल्या नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचं सालही 1928च. योगायोग आहे, त्यातून काही काढू नका.) या कोशाचं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक अर्थाखाली तो कुणी, कोणत्या साली, कोणत्या वाक्यात वापरला याची उदाहरणं जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने दिलेली असतात. अर्थ वाचण्याआधी मी ती साल-वाक्यं वाचते, कारण शब्द कुठून कुठे गेला ते तिथेच दिसतं. त्याला पैसे पडतात. फुकटात काम भागवायचं तर डग्लस हार्पर यांची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी आहे. थोडक्यात असते, पण साल देते. मराठी बाजूला मोल्सवर्थ हवाच. 1831 चा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची सुधारलेली आवृत्ती, आणि इंटरनेटवर सगळा शोधता येतो. त्यात इंग्रजी शब्द टाकून उलटा शोध घेतला की असे मराठी शब्द वर येतात जे आजीच्या तोंडी ऐकलेले असतात आणि आपल्या बोटांना सुचत नाहीत.

आता 'ब्रँड-न्यू'ला मराठीत काय म्हणाल? 'नवाकोरा'. 'कोरा करकरीत', विशेषतः नोटेला. 'हिरवागार', 'काळाकुट्ट', 'लालभडक' यांच्यासारखीच ही रचना: एक शब्द अर्थाचा, दुसरा जोर द्यायला. हिरवागारमध्ये 'गार' शोधून कोणी स्वेटर घालत नाही, तसं आजच्या इंग्रजाला ब्रँड-न्यूमध्ये आग दिसत नाही. फरक इतकाच की जोराचा शब्द आपल्याकडे मागे येतो, त्यांच्याकडे पुढे. हे ध्यानात आलं की भाषांतर करताना आग, भट्टी, कंपनी काहीच आणावं लागत नाही. मूळ शोधायचं ते अर्थ पक्का करायला, वाक्यात कोंबायला नाही.

ज्या धंद्यातला शब्द, त्या धंद्यात जा

'डाइड-इन-द-वूल' हा माझा आवडता. शब्दशः: लोकरीतच रंगवलेला. वापरतात माणसाबद्दल, आणि कोशात अर्थ मिळतो 'पक्का, न बदलणारा'. पण का, ते येवल्याला गेल्याशिवाय नीट समजत नाही.

येवल्यात पैठणीचं रेशीम विणण्याआधी रंगवतात. रेशमाच्या लडी आधी गरम पाण्यात धुऊन त्यांचा नैसर्गिक चिकटा काढतात, मग रंगाच्या उकळत्या पाण्यात काठीवर टांगून वरखाली फिरवतात. सगळीकडे सारखा रंग बसेपर्यंत हात थांबत नाही. मग वाळवून, उकलून धागा कांडीवर भरतात आणि तेव्हा कुठे मागाची गोष्ट. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला की पदर हलवल्यावर रंग पालटतो, ती धूपछाव. विणून झालेलं कापड रंगात बुडवून ही किमया कधीच साधणार नाही, कारण तिथे दोन्ही धाग्यांना एकच रंग लागणार. शिवाय विणीच्या गाठीगाठीत, जिथे धागा धाग्यावर दाबून बसलेला असतो, तिथे रंग पोचेलच असंही नाही.

इंग्लंडच्या लोकरीच्या धंद्यात हाच विचार आणखी एक पायरी मागे नेलेला होता. रंगवायच्या तीन वेळा: तयार कापड रंगवायचं, सूत रंगवायचं, किंवा सूत कातण्याआधी लोकर सुटी असतानाच रंगवायची. सुट्या लोकरीत प्रत्येक तंतूला रंग लागतो, म्हणून तो सगळ्यात पक्का. आपली पैठणी यातल्या मधल्या पायरीवर बसते. 'लोकरीत' म्हणजे त्याच्याही आधी. 19 व्या शतकात हा शब्द अमेरिकेच्या राजकारणात शिरला. अमुक माणूस त्या पक्षाचा 'लोकरीपासूनच रंगलेला' आहे, म्हणजे निवडणुकीपुरता रंग फासून आलेला नाही. आपल्याकडे सध्या हा शब्द वापरायची सोय फार कमी उरली आहे, ते सोडा.

आता मराठी शब्द निवडायचा. इथे घाई केली तर मूळ शोधल्याचं सगळं वाया जातं. चार उमेदवार समोर येतात: हाडाचा, मुरलेला, कट्टर, पक्का. 'हाडाचा शिक्षक' म्हणतो तेव्हा आपण कौतुक करतो. हाडाचा चोर असं सहसा म्हणत नाही. इंग्रजी शब्दात कौतुक असेलच असं नाही, उलट 'याला सांगून उपयोग नाही' असा सूर बऱ्याचदा असतो. 'मुरलेला' तर उलट्या दिशेचा आहे. मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा. लोकरीत रंगलेला माणूस पहिल्या दिवसापासून तसाच. म्हणून मुरलेला राजकारणी निराळा आणि डाइड-इन-द-वूल राजकारणी निराळा. पक्षनिष्ठेसाठी 'कट्टर' बसतो. स्वभावासाठी 'पिंडाचाच' फार छान बसतो: 'तो पिंडाचाच काटकसरी.' घडणीतच रंग आलेला, धुवून न जाणारा. हे चौघांतले फरक कोशात एका ओळीत मिळत नाहीत; लोकर आधी की कापड आधी हे कळलं म्हणून मिळाले.

असेच धंद्यांतून आलेले आणखी दोन पटकन उरकते. 'रन-ऑफ-द-मिल' अमेरिकेतल्या गिरण्यांमधला. गिरणीतून जसा निघाला तसा, प्रत न लावलेला माल. म्हणून सामान्य, यथातथा. कांद्याच्या व्यापाऱ्याला विचारा, तो गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला न काढता जसाच्या तसा उचललेल्या मालाला 'सरसकट' म्हणतो. पण माणसाला किंवा चित्रपटाला 'सरसकट' म्हणता येत नाही, तिथे 'नेहमीच्या साच्यातला' म्हणावं लागतं. दुसरा 'हाइड-बाउंड'. ऐकून वाटतं चामडी बांधणीचं पुस्तक असेल, आणि मुलं तसंच लिहितात. हा 16 व्या शतकातला गुरांचा शब्द. खायला न मिळाल्याने खंगलेल्या जनावराचं कातडं बरगड्यांना चिकटतं, चिमटीत धरून उचललं तर सुटत नाही. इगतपुरीकडच्या डांगी बैलाची तेलकट, पावसाचं पाणी निथळून टाकणारी कातडी ज्याने हाताने पाहिली आहे त्याला ही उलटी अवस्था लगेच समजेल. पुढे तो अशा माणसाला लागला ज्याच्या नियमांत बोटभर सैलपणा नाही. 'चाकोरीबद्ध' किंवा 'ताठर'. कार्यालयाबद्दल असेल तर मी 'नियमावर बोट ठेवणारं' लिहिते.

जुन्या समजुती

काही जोडविशेषणं धंद्यातून येत नाहीत, शरीराबद्दलच्या जुन्या समजुतींतून येतात. तिथे विग्रह बरोबर होऊनही अर्थ लागत नाही. 'लिली-लिव्हर्ड'. आपली शेपटीची खूण लावा: लिव्हर्डमधलं लिव्हर इथे क्रियापद नाही, म्हणजे बहुव्रीही. लिलीच्या फुलासारखं, म्हणजे पांढरं, यकृत आहे ज्याचं तो. झालं. पण यकृत पांढरं असलं तर बिघडलं कुठे? डॉक्टरकडे जायचं की काय?

युरोपात शतकानुशतकं असं मानत की रक्त यकृतात तयार होतं आणि धैर्याचं ठाणंही तेच. रक्ताने भरलेलं, लालबुंद यकृत म्हणजे शूर माणूस. रक्तच नाही म्हणून फिकटलेलं म्हणजे भेकड. 'मॅकबेथ'मध्ये शत्रूचं सैन्य पाहून पांढरा पडलेला नोकर धावत येतो तेव्हा मॅकबेथ त्याला हीच शिवी हासडतो आणि वर म्हणतो, तोंडाला टोचून घे आणि भीतीवर लाल रंग चढव. म्हणजे चेहरा पांढरा आणि यकृतही पांढरं, असा दुहेरी टोला. शेक्सपियरला ही समजूत चांगलीच सोयीची होती. 'किंग लियर'मध्ये दुधाच्या यकृताचा आहे आणि 'हॅम्लेट'मध्ये कबुतराच्या.

मराठीत यकृत आणू नका, ते प्रयोगशाळेच्या रिपोर्टात शोभतं. पण मटणाच्या दुकानात आपण 'कलेजी' मागतो तेव्हा काय मिळतं? लिव्हरच. आणि धैर्य आपण कशात ठेवलं? काळजात. वाघाचं काळीज, उलट्या काळजाचा, काळीज लागतं त्याला. तिकडची आणि आपली माणसं वेगवेगळ्या खंडांत बसून एकाच अवयवाकडे बोट दाखवत होती. म्हणून 'लिली-लिव्हर्ड'साठी 'सशाच्या काळजाचा' इतका चपखल बसतो की त्यावर चार ओळींची टीप द्यावी लागत नाही. शिवी असेल तर 'भेदरट' पुरे.

'ब्लू-ब्लडेड'ही असाच. हा मुळात स्पॅनिश. स्पेनच्या कॅस्टीलमधली काही घराणी आपल्यात मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान, लोकांचं रक्त मिसळलेलं नाही असा तोरा मिरवत, आणि गोऱ्या कातडीखालून निळ्या दिसणाऱ्या शिरा त्याचा पुरावा म्हणून दाखवत. 19 व्या शतकात ही कल्पना इंग्रजीत उतरली. मराठीत 'खानदानी' किंवा 'उच्चकुलीन' करावं. फक्त या शब्दाच्या पोटात वर्णाचा गर्व आहे हे लक्षात असू द्या, म्हणजे तो कौतुकाने कुणाच्या सत्कारपत्रात घालणार नाही.

'रेड-हँडेड' मात्र आपल्याला आयता मिळालेला आहे. स्कॉटलंडच्या कायद्यात 15 व्या शतकापासून 'रेड-हँड' होता, म्हणजे हाताला रक्त लागलेलं असतानाच पकडलेला. वॉल्टर स्कॉटच्या 1819 च्या 'आयव्हॅनहो' कादंबरीने 'रेड-हँडेड' हे रूप सगळीकडे पोचवलं. आपल्या वर्तमानपत्रांत रोज एक तरी लाचखोर 'रंगेहाथ' सापडतो. आणि तिथे तर अक्षरशः हात रंगतात: सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावलेली असेल तर त्या मोजणारे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. रक्ताची जागा रसायनाने घेतली, विशेषण तेच राहिलं.

शब्द नाही सापडला तर माणसाला विचारा

परत त्या वाइनकडे. माहितीपत्रकवाल्यांचा फोन आला होता. "ताई, पूर्ण शरीराची नको म्हणता, मग काय लिहू? लोकांना कळलं पाहिजे."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही घोट घेता तेव्हा तोंडात काय होतं ते सांगा. इंग्रजी नको."

"तोंड भरल्यासारखं होतं. पाण्यासारखी घसरून जात नाही. गिळल्यावरही मागे राहते."

"मग 'भरदार' लिहा. भरदार चवीची लाल वाइन."

भाऊ क्षणभर गप्प. मग म्हणाले, "भरदार तर आम्ही बैलाला म्हणतो."

"आणि आवाजाला, आणि छातीला. कुणी बैल समजून वाइन घेणार नाही."

तो शब्द लागला. इथे 'बॉडी' म्हणजे जिभेवर जाणवणारा दाटपणा आणि वजन. अल्कोहोल, टॅनिन, साखर यांच्यावर ते ठरतं. विग्रह बरोबर झाला, मूळ कळलं, तरी शब्द कोशातून येईलच असं नाही. तो धंदा करणाऱ्याच्या तोंडून येतो, आणि बहुधा तो दुसरंच काही सांगत असताना. म्हणून मी यंत्राच्या पुस्तिकेसाठी सातपूरला फिटरला फोन करते. 'हेवी-ड्यूटी'ला कोशात काय आहे ते मला ठाऊक आहे. तो त्या यंत्राला 'दणकट' म्हणतो, आणि वाचणारा तोच असतो.

आडव्या रेघेबद्दल

इंग्रजीत लिहायची वेळ आली तर एवढं सांभाळा. जोडविशेषण नामाच्या आधी आलं तर बहुधा रेघ, म्हणजे हायफन, हवी, नामानंतर आलं तर बहुतेक वेळा नको. 'वेल-नोन रायटर' रेघेने जोडा, पण 'द रायटर इज वेल नोन' सुटं. 'हायली', 'न्यूली' अशा 'ली'वाल्या क्रियाविशेषणांना रेघ कधीच नको. आकड्यासोबतचं नाम एकवचनी: 'फाइव्ह-रुपी कॉइन', रुपीज नाही, 'टेन-इयर-ओल्ड बॉय', इयर्स नाही. अर्जांमध्ये सगळ्यात जास्त चुका मला याच एका ठिकाणी दिसतात.

रेघेने काय होतं हे मुलांच्या डोक्यात बसवायला मी बिबट्या आणते, कारण निफाड-सिन्नरच्या उसातला बिबट्या आपल्याकडे बातमीत असतोच. 'मॅन-ईटिंग लेपर्ड' म्हणजे नरभक्षक बिबट्या. रेघ काढा. आता माणूस बिबट्या खातो आहे.

वहीत नोंद कशी करायची

नुसता शब्द आणि अर्थ लिहिला तर आठवड्यात पुसतो. मी प्रत्येक जोडविशेषणाला अर्धं पान देते. वानगीदाखल एक उतरवते. 'डाइड-इन-द-वूल': लोकरीतच असताना रंगवलेला, डाइडमधलं 'एड' खरं क्रियापदाचं, डाय म्हणजे रंगवणं. धंदा लोकरीचा, इंग्लंड. माणसाला लावला जास्त करून 19 व्या शतकात, अमेरिकेत, पक्षाबद्दल. सूर: न बदलणारा, किंचित टोमणा. मराठी: पक्षासाठी कट्टर, स्वभावासाठी पिंडाचाच, मुरलेला नको. खाली माझं स्वतःचं एक वाक्य, कोशातलं नव्हे: 'आमचे काका पिंडाचेच काँग्रेसवाले, घरात तीन पक्षांचे झेंडे आले तरी ते हलले नाहीत.' आणि पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने: येवल्याला गेल्यावर रंगाच्या टाकीपाशी काम करणाऱ्याला विचारायचं, लडीत कच्चा राहिलेल्या रंगाला ते काय म्हणतात.